पदवी परदेशातली, सनद कुठली?

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला बीसीएलची परीक्षा दिली. नावात ‘बॅचलर’ असले, तरी कायद्यातली ही वरच्या पायरीची पदवी. परीक्षा झाली, पण स्त्री असल्यामुळे पदवी हाती पडायला १९२२ साल उजाडले आणि हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा आला तो १९२३ साली. शिक्षण, पदवी आणि सनद या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना चांगलेच भोगावे लागले.

स्त्री-पुरुष हा भेद आता गेला. तो फरक मात्र कायम आहे. मुलगी एलएल.बी. होते, वर्षभराच्या एलएल.एम.साठी परदेशातून प्रवेशाचे पत्र येते आणि घरात आनंदाबरोबरच हिशेब सुरू होतो. फंडातले पैसे, शैक्षणिक कर्ज, प्रसंगी घर तारण. या धांदलीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ही पदवी घेऊन करायचे काय?

इथल्या कोर्टात उभे राहायला ती लागत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून वेगळी परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, एलएल.एम. नव्हे. न्यूयॉर्कमध्ये मात्र आपल्या पदवीतली उणीव तिथले एलएल.एम. भरून काढू शकते आणि बारच्या परीक्षेला बसता येते. पण त्यानंतर विद्यार्थी म्हणून कामाला मिळते एकच वर्ष. परतून प्राध्यापकी करायची, तर समकक्षता आधी तपासावी. बार कौन्सिलच्या २०२१ सालच्या नियमांवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

मग जाऊच नये का? जरूर जावे, पण थोडे थांबून. दोन-तीन वर्षे इथे काम केले, की लवाद, करकायदा, पर्यावरण यांपैकी कशात आपला जीव रमतो ते कळते. चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्तीही दोन वर्षांचा अनुभव मागते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

आईवडिलांनी ‘नाही’ म्हणू नये, ‘कशासाठी?’ एवढेच विचारावे. उत्तर मिळाले, तर खुशाल कर्ज काढावे. ‘सगळे जातात म्हणून’ हे मात्र उत्तर नव्हे. हप्ते काही सगळे मिळून भरत नाहीत.