मणक्यातला ‘गॅप’ आणि आपले पाठदुखणे

दिवाळी आटोपली, वेचणीला जोर आला की आर्णी परिसरातील दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "डॉक्टरसाहेब, नस दबली." कोणाची चमक खांद्यापासून बोटांपर्यंत जाते, कोणाची कमरेपासून पोटरीपर्यंत. गेल्या वर्षी थांबलेले दुखणे यंदा पुन्हा डोके वर काढते आणि घरच्यांचा धीर सुटतो. या घाबरण्यापायी जो पैसा आणि जी प्रकृती खर्ची पडते, त्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. येथे नस म्हणजे मज्जातंतू. मणक्याच्या दोन हाडांमध्ये गादीसारखी चकती असते. ती फुगली, सरकली किंवा शेजारचे हाड वाढले की तंतूवर दाब येतो, आणि तंतू जिथवर जातो तिथवर दुखते. म्हणून दुखतो खांदा आणि दोष असतो मानेत. हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते असे रुग्ण सांगतो, तेव्हा मी आधी त्याची मान तपासतो. याउलट हात मागे जाईना, वेणी घालता येईना, तर बहुधा खांद्याचा सांधाच आखडलेला असतो. हे मधुमेहात जास्त आढळते, तेव्हा रक्तातील साखर तपासून घ्यावी.

आता ‘गॅप’विषयी. हा शब्द कोणी रुजवला कोण जाणे! चकती झिजली की हाडांमधले अंतर कमी होते, वाढत नाही. पण ‘गॅप पडला’ ऐकून धडधाकट माणूस खाटेला खिळतो. काहीही दुखत नसलेल्या ३ हजारांहून अधिक लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांतही चकती फुगलेली होती, आणि पन्नाशीत ८० टक्के लोकांत झिजेची खूण होती. म्हणजे माझ्या वयात ते केस पिकण्यासारखेच म्हणायचे. एमआरआयचा कागद एकटा काही ठरवत नाही. त्याचा रुग्णाच्या तक्रारीशी आणि तपासणीशी मेळ बसावा लागतो.

गेल्या हंगामात एका वेचणाऱ्या बाईच्या घरच्यांनी असा कागद पाहून ऑपरेशनसाठी बैलजोडी विकायची ठरवली होती. तपासले तर पायाची ताकद शाबूत होती, लघवीची तक्रार नव्हती. बहुतेकांचे असे दुखणे दीड ते तीन महिन्यांत आपोआप उतरते, हे समजावायला मला तासभर लागला. दोन महिन्यांनी ती शेतात गेली. बैल दावणीलाच आहेत.

पुन्हा पुन्हा उठणारे दुखणे घेऊन कसे जगावे, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात होऊन गेले. वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे; उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. तरी सत्तरी ओलांडल्यावर, १९८५-८६ मध्ये, ते ‘भारत जोडो’ यात्रेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे पडून. सर्वांना बाबांची जिद्द कुठून येणार? पण शरीर जे करू देते त्याभोवती कामाची मांडणी बदलणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

पऱ्हाटीत दिवसभर वाकून राहण्यापेक्षा ओटी अर्धी भरताच रिकामी करावी, ताठ उभे राहून कंबर हलकेच मागे न्यावी. मजुरी किलोवर असल्याने बाया थांबत नाहीत, हे मला कळते. शेतमालकांनी या दोन मिनिटांसाठी कटकट करू नये. फवारणीचा १६ लिटरचा पंप म्हणजे नुसते पाणीच १६ किलो. तो थोडा कमी भरावा, दोन्ही पट्टे लावावेत. दुखणे उसळले तर एक-दोन दिवस आराम पुरे. पुढे घरातल्या घरात, मग बांधापर्यंत चालत राहावे. महिनोन् महिने पट्टा बांधून पडून राहिले तर पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात.

आणि ते इंजेक्शन! डायक्लोफिनॅकने तात्पुरता आराम पडतो, पण आठवड्यामागून आठवडे घेतल्यास पोटात जखम होते, मूत्रपिंड धोक्यात येते. नाव नसलेल्या पुडीने चमत्कार झाला तर त्यात स्टेरॉईड असल्याची शंका घ्यावी. ताकदीच्या लाल सुईचा उपयोग बी-१२ कमी असेल त्यालाच. दबलेली नस चोळून मोकळी करणाऱ्यांकडे, विशेषतः मान मोडून घ्यायला, कृपया जाऊ नये.

मात्र काही दुखण्यांना थांबायला वेळ नसतो. रात्री वाढणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप आणि वजनात घट असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ नाही ना, हे पाहावे लागते. डाव्या खांद्याच्या कळेबरोबर छातीत दडपण आणि घाम आला तर तो हृदयविकार समजून धावावे. पाय लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. अशा वेळी ऑपरेशनला उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असे नाही.