उपग्रहाला न दिसणारा जवाहर चौक

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीने कोकणातले चिपळूण बुडवले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत ‘नेचर’मध्ये जगभरच्या पुरांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. २००० ते २०१८ या काळातले ९१३ पूर त्यात उपग्रहांच्या चित्रांवरून रेखाटले होते. जिथे नदीवर मोजपट्टी नाही, तिथलाही पूर आता कळेल, ही त्यामागची आशा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानात पाणी दिवसेंदिवस पसरून राहते. तिथे ही आशा बरीचशी खरी आहे.

पण कोकणातल्याच राजापूरचे काय? अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की जवाहर चौकात पाणी, हे जवळपास दर पावसाळ्याचे ठरलेले. घाटातला पाऊस काही तासांत बाजारपेठेत उतरतो आणि अनेकदा दुसऱ्या दिवशी दुकानदार चिखल काढताना दिसतात. त्या संग्रहातला एक ठिपका २५० मीटरचा; चौक, गल्ल्या, नदीकाठ सारे त्यात गडप. शिवाय चित्र ढगांच्या फटीतून टिपायचे. आषाढातल्या कोकणात फट आणायची कुठून? सेंटिनेल-१ उपग्रहांचे रडार ढगांपार पाहते, बारकावाही टिपते, पण एक उपग्रह त्याच वाटेवर बारा दिवसांनी परततो. उपग्रहांवरून काढलेला पावसाचा अंदाजही सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पुष्कळदा तोकडा पडतो. इथले ढग फार उंच न चढताही धो धो कोसळतात आणि उंच, थंड ढगांवर भिस्त ठेवणारी गणिते तिथे फसतात.

नुसता न दिसण्याचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी. उद्या विम्याचे दर आणि मदतीचे निकष अशा संग्रहांवरून ठरू लागले, तर नोंद नाही म्हणजे पूरच नाही, असा अर्थ लावणारे कार्यालय निघेलच.

म्हणून नगर परिषदेने चौकात ठळक मोजपट्ट्या रंगवाव्यात आणि पाणी शिरल्याची वेळ, सर्वांत जास्त उंची, ओसरल्याची वेळ, खाडीची भरती-ओहोटी एवढे तरी लिहून ठेवावे. हे दुकानदारांना तोंडपाठ असते, पण तोंडपाठ माहितीवर कोणतेही जागतिक प्रारूप तपासता येत नाही. वखारींच्या काळापासून जमाखर्च लिहिणाऱ्या या पेठेला आणखी एक वही जड नाही. नदीतला गाळ उपसल्याने पाणी किती उतरले, याचा दरवर्षीचा वादही मग त्याच वहीवर तपासून घेता येईल.