विश्लेषण : जनुक उपचाराचे पेटंट तपासताना कात्री कुठे चालायला हवी?

शीळफाट्याच्या कोंडीत रोजचा अर्धा-पाऊण तास जातो. गाडी हलत नाही तेव्हा मोबाइल हातात येतो, आणि त्यावर कुणी ना कुणी पाठवलेले मदतीचे आवाहन असते. बाळाचा फोटो, नीट उच्चारताही न येणारे आजाराचे नाव आणि खाली क्यूआर कोड. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकांनी असेच १६ कोटी रुपये उभे केले होते. परदेशातून येणाऱ्या त्या इंजेक्शनवरील सुमारे ६ कोटींचे शुल्क आणि कर केंद्राने माफ केले. इंजेक्शनमध्ये काय होते? विषाणूच्या कवचात भरलेले एक जनुक.

तो आजार स्नायू दुबळे करणारा होता. चयापचयाच्या आनुवंशिक आजारांसाठीही हीच पद्धत वापरली जात आहे. किमतीची चर्चा आपण जोरात करतो. ती किंमत मागण्याचा हक्क कंपनीला मिळतो तो पेटंट कार्यालयात, आणि तिथे मात्र आपले लक्ष नसते.

आजार काय, उपचार काय?

गॉशर आजाराचे उदाहरण घेऊ. शरीरात एक विशिष्ट एन्झाइम पुरेसे तयार होत नाही, म्हणून एक प्रकारची चरबी यकृत, प्लीहा आणि हाडांत साचत जाते. आज उपलब्ध असलेला मुख्य उपचार म्हणजे ते एन्झाइम दर दोन आठवड्यांनी शिरेतून देणे, तेही आयुष्यभर. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मूल मोठे होईल तसा खर्चही वाढतो. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात मुंबईतील केईएमसारख्या निवडक रुग्णालयांमार्फत एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते. मुलाचे वजन वाढते, मदतीची मर्यादा मात्र तीच राहते.

जनुक उपचारात हे गणित बदलू शकते. निरुपद्रवी विषाणूतील त्याची स्वतःची जनुके काढून तिथे माणसाचे निरोगी जनुक बसवतात. विषाणू ते पेशीत पोहोचवतो आणि पेशी एन्झाइम बनवू लागते. उद्देश असा की एकदा दिले की पुरे. ५० लाखांची मदत अशा उपचारासाठी साजेशी आहे, फक्त किंमत त्या घरात यायला हवी.

परीक्षक नेमके काय तपासतो?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी ‘पेटंट’ हा विषय आम्ही गुणांपुरता वाचला होता. अर्जाचा जीव त्यातल्या ‘दाव्यां’त असतो, हे पत्रकारितेत आल्यावर कळले. समजा, अशा उपचाराचा एक अर्ज वडाळ्याजवळ अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात आला. (तपासणारा परीक्षक दुसऱ्या शहरातलाही असू शकतो, फायली आता देशभर वाटल्या जातात.) त्यात काय काय मागितलेले असेल?

पहिली मागणी जनुकाचीच. निसर्गात असलेल्या गोष्टीचा शोध म्हणजे नवनिर्मिती नव्हे, असे पेटंट कायद्याचे कलम ३(सी) सांगते. म्हणून अर्जदार जनुकाची ‘अक्षरे’ थोडी बदलून आणतो, जेणेकरून पेशी एन्झाइम जास्त बनवेल. इथे परीक्षकाने विचारायला हवे की हा बदल त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचला असता का. दुसरी मागणी विषाणूच्या कवचाची. प्रयोगशाळेत बदललेले नवे कवच असेल तर ती खरी नवनिर्मिती ठरू शकते. तिसरी, ‘रुग्णाला इतकी मात्रा शिरेतून देण्याची पद्धत’. ही मात्र सरळ बाद, कारण कलम ३(आय) माणसावरील उपचारपद्धतीला पेटंट देत नाही. डॉक्टरने सुई कशी टोचायची यावर भारतात कुणाची मालकी नसते.

इथवर कायदा स्पष्ट आहे. खरा पेच एका छोट्या वाक्यात लपतो: ‘या क्रमाशी किमान ९० टक्के साम्य असलेला कोणताही क्रम’.

वाक्य निरागस दिसते. गॉशरच्या जनुकाचा एन्झाइम घडवणारा भाग साधारण १,६०० अक्षरांचा आहे. ९० टक्के साम्य म्हणजे त्यातली १६० अक्षरे बदलली तरी नवा क्रम त्याच पेटंटखाली. असे किती क्रम होतील, याचा हिशेब मी मांडून पाहिला. विश्वातील अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्ये इतकी धरतात. हा आकडा तीनशे शून्यांच्या आसपास जातो. अर्जदाराने उंदरांवर तपासलेले क्रम बहुधा बोटांवर मोजण्याइतके. कलम १०(५) म्हणते की दावा तपशिलात उघड केलेल्या माहितीवर रास्तपणे आधारलेला असावा. माझ्या मते परीक्षकाची कात्री सर्वात आधी इथे चालायला हवी. जे करून दाखवले, तेवढ्याचे पेटंट जरूर द्यावे. नवे कवच घडवायला वर्षे जातात, पैसा लागतो, त्याचा मोबदला नाकारायचे कारण नाही.

पेटंट मोडले की औषध स्वस्त होईल?

गोळ्या आणि सिरपबाबत बहुतेकदा होते. त्याच स्नायूंच्या आजारावरील रिसडिप्लाम या औषधाची बाटली सुमारे ६ लाखांना मिळत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने नॅटको कंपनीला रोखण्यास नकार दिला. नॅटकोने तेच औषध १५,९०० रुपयांना आणले.

विषाणूचे तसे नाही. त्याची हुबेहूब नक्कल करायला कारखाना, पेशी आणि हाताला बसलेले कौशल्य लागते. शिवाय पेटंट असूनही उपचार बुडू शकतो. युरोपने २०१२ मध्ये मान्यता दिलेला ‘ग्लायबेरा’ हा तिथला पहिला जनुक उपचार चयापचयाच्याच एका आजारावर होता. किंमत सुमारे दहा लाख युरो. ग्राहकच मिळेनात, म्हणून कंपनीने २०१७ मध्ये त्याची मान्यता संपू दिली.

मग रुंद पेटंटची चिंता का करायची? कारण इथे स्वस्ताई नकलेतून येणार नाही, दुसऱ्या वाटेने केलेल्या स्वतंत्र उपचारातून येईल. त्याचा पुरावा शीळफाट्याहून तळोज्याच्या रस्त्याने गेलात तर सापडतो. खारघरमध्ये टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कर्करोगावर ‘नेक्सकार१९’ हा उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यातही रुग्णाच्या पेशींत जनुक पोहोचवायला विषाणूच वापरतात, आणि खर्च परदेशातल्या सुमारे एक दशांश. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर विषाणूवाहित जनुक उपचार करून दाखवला आहे. अशाच एखाद्या चमूने उद्या गॉशरसाठी वेगळा क्रम तयार केला आणि तो त्या ‘९० टक्क्यां’त सापडला तर? कायदा त्यांना संशोधन करू देईल, मान्यतेसाठी चाचण्याही करू देईल. रुग्णाला विकता मात्र येणार नाही, अर्ज केल्यापासून २० वर्षे उलटेपर्यंत.

आपण काय करू शकतो?

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर पेटंट मिळेपर्यंत कुणीही लेखी विरोध नोंदवू शकतो, कलम २५(१) तसे स्पष्ट सांगते. क्षयावरील बेडाक्विलिनच्या दुसऱ्या पेटंटला मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले यांनी असाच विरोध केला होता. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या. मार्च २०२३ मध्ये मुंबईतील तो अर्ज फेटाळला गेला. नाहीतर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

२०२४ च्या नव्या नियमांनी या विरोधावर शुल्क लावले, आणि विरोध ऐकण्यायोग्य आहे का हे नियंत्रक आधी ठरवतो. त्रास देण्यासाठी केलेले विरोध रोखायचे, हे कारण समजण्यासारखे आहे. पण दुर्मीळ आजारांच्या रुग्णसंघटना मूठभर पालकांच्या असतात, त्यांच्यासाठी ही पायरी उंच आहे. शुल्क त्यांना तरी माफ व्हावे.

बाकी कागद उघडे आहेत. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकला की परीक्षकाचा पहिला अहवाल आणि कंपनीचे उत्तर दोन्ही वाचता येतात. उत्तरात दावे कुठे आखडले आणि कुठे तसेच ठेवले ते पाहा. ‘९० टक्के’ बहुतेक वेळा पहिल्या पाच दाव्यांतच भेटतात.