चाळीस गुण पुरत नाहीत

बारावीचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारतात, "पोरीला सीएला घालू का?" वर्षभराने त्यांच्यातलेच काही येऊन सांगतात, "रात्रंदिवस वाचत होती, तरी राहिली." आमच्या पाहण्यात, कमी वाचल्यामुळे राहिलेली मुले थोडी असतात, गुण कसे मिळतात हे न समजता वाचत बसलेली पुष्कळ. म्हणून या महिन्यात सीएच्या पहिल्या पायरीबद्दल, म्हणजे फाउंडेशनबद्दल बोलू.

आधी हिशेब मांडू. चार पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे: अकाउंटिंग, बिझनेस लॉज, क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि बिझनेस इकॉनॉमिक्स. प्रत्येकात किमान ४० गुण हवेत आणि चारही मिळून ५० टक्के, म्हणजे ४०० पैकी २००. चारही पेपरांत चाळीस-चाळीस मिळाले तर बेरीज १६० होते आणि मूल नापास ठरते. तीन विषयांत ७० आणि गणितात ३५ मिळाले तर बेरीज २४५ होते, तरीही नापासच. फाउंडेशनला चारही पेपर एकाच वेळी सुटावे लागतात. तेव्हा अवघड विषय ४५ च्या वर नेऊन सुरक्षित करायचे आणि आवडत्या दोन विषयांत ६०-६५ गाठायचे, असे आधीच ठरवावे.

अकाउंटिंग हातात पेन घेतल्याशिवाय येत नाही. सोडवलेले उदाहरण वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि कोऱ्या कागदावर ताळेबंद जुळत नाही. उत्तर झाकून, घड्याळ लावून सोडवा. तीन तासांत १०० गुण, म्हणजे ५ गुणांच्या प्रश्नाला ९ मिनिटे. घरात दुकान असेल तर उधारीच्या वहीतला एक महिना घेऊन जमा-नावे लिहून पाहा. पुस्तकातला विषय ओळखीचा होऊन जातो.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कायद्याच्या पेपरची धास्ती वाटते. हा पेपर इंग्रजीप्रमाणे हिंदीतही लिहिता येतो. भाषा कोणतीही असो, प्रसंगावरच्या प्रश्नाचे उत्तर तीन पायऱ्यांत लिहावे. समजा, १६ वर्षांच्या मुलाने उधारीवर मोबाइल घेतला आणि करारावर सही केली. दुकानदाराला त्या कराराच्या जोरावर पैसे मागता येतील का? पहिली पायरी नियमाची: भारतीय करार कायदा १८७२, कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. दुसरी प्रसंगाची: मुलाचे वय १६, म्हणजे तो अज्ञान आहे. तिसरी निष्कर्षाची: करार मुळातच रद्दबातल, त्यामुळे त्याच्या आधारे वसुली होणार नाही. नुसते "नाही" लिहिणाऱ्याला उत्तर माहीत असूनही गुण थोडेच मिळतात. रोज असे दोन प्रसंग लिहावेत. तेच धाकट्या भावंडाला घरच्या बोलीत समजावून सांगावेत. जिथे अडखळाल तिथे अभ्यास कच्चा आहे असे समजा.

उरलेले दोन पेपर पर्यायी उत्तरांचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. चार पर्यायांचे २० प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरीने ५ बरोबर येतील, १५ चुकतील. हाती उरतो सव्वा गुण. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर १० बरोबर, १० चूक, आणि हाती साडेसात. अंदाज करायचा तर आधी खोडायला शिका. गणिताला घाबरणाऱ्यांनी हेही पाहावे की त्या पेपरात गणिताचे गुण ४० आहेत. संख्याशास्त्र ४० आणि तर्क २०. तर्काचे २० गुण रोजच्या अर्ध्या तासाच्या सरावाने आवाक्यात येतात.

उजळणीसाठी वाचलेला धडा त्याच रात्री, मग तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, पुस्तक मिटून कागदावर आठवावा. फज्रनंतरचा शांत तास याला उत्तम. साहित्यासाठी खर्च नको: सीए इन्स्टिट्यूटचे स्टडी मटेरियल, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर आणि आधीच्या परीक्षांची सुचवलेली उत्तरे तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तीन क्लासच्या नोट्स जमवण्यापेक्षा हेच तीनदा सोडवलेले बरे.

आता थोडे घरच्यांशी. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते. एकदा राहिले तर वर्ष बुडत नाही, साधारण चार महिन्यांनी पुन्हा संधी असते. तरीही मुलगा राहिला की "पुन्हा बस" आणि मुलगी राहिली की "आता पुरे, स्थळे पाहू" असे अनेक घरांत होते. निर्णय घेण्याआधी गुणपत्रिका पुढ्यात घ्या. १९० वर राहिलेल्या मुलीला दहा गुण हवेत. एखाद-दुसऱ्या विषयाची दुरुस्ती तिला पुरेल. १२० वर राहिलेल्याची अभ्यासाची पद्धतच बदलायला हवी. दोघांनाही एकच बोल लावणे न्यायाचे नाही. आणि परीक्षेआधीचे दोन महिने तिच्या वाट्याची कामे घरातल्या इतरांनी वाटून घ्यावीत, मुलांनीसुद्धा. पाहुणे आले म्हणून अर्ध्यावर सोडलेला मॉक पेपर पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागतो.