चालकास शिकविले, हमालाचे काय?

दरवर्षी शरद ऋतू लागला की धाराशिव जिल्ह्यात तीन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी रस्त्यावर येतात. नवरात्रासाठी गावोगावची मंडळे तुळजापुरास येऊन भवानीची पेटती ज्योत हाती घेतात आणि धावत आपापल्या गावी परततात. पाठोपाठ कोजागरीसाठी सोलापूरकडून पायी येणाऱ्यांची रांग लागते. वाशी तालुक्यातील तेरखेड्याच्या कारखान्यांतून दिवाळीच्या फटाक्यांची खोकी बाजाराकडे निघतात. आणि उसाचा हंगाम जवळ आला की साखर कारखान्यांच्या आसवन्यांतील मद्यार्क, ज्याला आता सारेच इथेनॉल म्हणतात, टँकरांत भरून तेल कंपन्यांच्या डेपोंकडे नेण्याची लगबग वाढते. ह्या तिन्हींचा भार मुख्यतः सोलापूर-धुळे हा एकच महामार्ग वाहतो. यात्राकाळात जड वाहने वळविली जातात हे खरे. पण वळविलेला टँकर काही आकाशमार्गे जात नाही, तो दुसऱ्या कोणत्या तरी गावाच्या वेशीवरूनच जातो. अशा मालाला ज्यांचे हात लागतात त्यांना त्या मालाविषयी काय शिकविलेले असते, हा प्रश्न आज विचारणे आम्हास अवश्य वाटते.

कायदा ह्या बाबतीत निद्रिस्त आहे असे मुळीच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नवव्या नियमाप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या चालकास एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे, आणि तीन दिवसांचा ठराविक अभ्यासक्रम पुरा केल्याचा दाखला त्याच्यापाशी असला पाहिजे. मूळ कायद्यात अशा परवान्याची मुदत एक वर्षाची होती; २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांची झाली. चालकाचे हेलपाटे वाचले ही गोष्ट चांगली. परंतु तीन दिवसांत ऐकलेले तीन वर्षे ध्यानात राहते हा त्यामागील विश्वास आम्हास भाबडा वाटतो. टँकरच्या दोन्ही बाजूंस व मागे मालाचे नाव आणि संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेला क्रमांक असलेली पाटी लावावी लागते. ११७० म्हणजे इथेनॉल, १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. टँकर उलटल्यावर सर्वप्रथम जे धावून येतात, ते शेजारच्या शिवारातील शेतकरी आणि ढाब्यावरील पोरे, त्यांना हे आकडे कोणी कधी समजावून सांगितले आहेत काय? पाकिस्तानात अहमदपूर येथे जून २०१७ मध्ये उलटलेल्या टँकरमधील पेट्रोल भांड्यांत भरून नेण्यास गाव लोटला आणि दोनशेहून अधिक माणसे जळून मेली. तेथेही मदतीस व लाभास धावलेले लोक साधेच होते.

शिक्षणाची सक्ती चालकापाशी येऊन थांबते, येथेच खरी मेख आहे. माल वाहनात चढण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर त्यास जे हात लागतात ते हमालांचे, रोजंदारीवरील मजुरांचे, आणि फटाक्याच्या धंद्यात बहुतांशी बायकांचे. क्लोरेट आणि गंधक ह्यांचे मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेटते, म्हणून १९९२ साली केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. ॲल्युमिनियमची भुकटी ओलसर झाली की आपोआप तापू लागते. खोके फरशीवरून ओढावे की उचलावे, पायात खिळ्याची चप्पल चालेल काय, दुपारच्या उन्हात भरलेला टेम्पो कोठे उभा करावा, ह्या गोष्टी दिसावयास क्षुल्लक आहेत. पण जीव वाचतो वा जातो तो ह्यांच्यावरच. तेरखेड्याने असे स्फोट एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहेत. शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरी-शिराळे परिसरातील फटाका कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी ज्या मजूर स्त्रिया दगावल्या, त्यांना त्या दारूचा गुणधर्म कोणी शिकविला होता?

जुन्या पिढीस मुंबईच्या गोदीची आठवण करून देण्याची आवश्यकता नाही. नव्या पिढीस ती आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सान्निध्यात कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या. धोक्याचे लाल निशाण जहाजावर लावलेले नव्हते. दुपारी धूर दिसला, चार वाजून गेल्यावर स्फोट झाला, आणि विझविण्यास गेलेले साठाहून अधिक अग्निशामक जवान त्यात कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निसेवा सप्ताह पाळतो. पण त्या दिवशी कापूस व दारू एका जागी रचली गेली ह्या मूळ दोषाचा धडा त्या सप्ताहातील कवायतीत क्वचितच असतो.

इथेनॉलचे प्रकरण तर अधिकच फसवे आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले, आणि उसाच्या मुलखातील रस्त्यांवर टँकर वाढले. इथेनॉल सुमारे १३ अंश तपमानासही पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडते. आमच्या जिल्ह्यात त्याहून थंड दुपार बहुधा उगवतच नाही. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही म्हटले तरी चालेल. पेट्रोलच्या आगीवर जो फेस मारतात तो मद्यार्कात विरून जातो. त्यासाठी वेगळ्या प्रतीचा फेस लागतो. नगरपालिकांच्या बंबांवरील जवानांना हा भेद ठाऊक नसेल तर त्यांचे शौर्य त्यांच्याच जिवावर बेतेल. आणखी एक गोष्ट: रिकामा टँकर भरलेल्यापेक्षाही घातक असतो, कारण त्यात वाफ कोंडलेली असते. महामार्गालगतच्या वेल्डिंगच्या दुकानात असा टँकर सांधावयास येतो तेव्हा त्या कारागिरास हे कोणी सांगायचे? टँकर त्याच्या दृष्टीने रिकामाच असतो.

मजूर हंगामी असतात, आज शिकवावे तर उद्या निघून जातात, असे मालकवर्ग म्हणेल. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण जो मजूर इथून जातो तो बहुधा अशाच दुसऱ्या कामावर जातो, आणि शिकलेले बरोबर घेऊन जातो. खर्चाचा प्रश्न तर आम्हास पटत नाही. एका जळालेल्या टँकरच्या किमतीत शेकडो हमालांचे वर्ग चालतील.

आमची सूचना अशी आहे. एका वेळी १५ किलोपर्यंत स्फोटक मिश्रण करणाऱ्या फटाका कारखान्यास परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे. त्याहून मोठ्यांचा पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा, जिचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मजुरांस शिक्षण दिल्याची नोंद पाहिल्यावाचून परवान्याचे नूतनीकरण करू नये. साखर कारखान्यांनी टँकर भरणाऱ्या व उतरविणाऱ्या प्रत्येकास शिकवावे आणि त्याची वही दारावर ठेवावी. वर्ग शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत भरवावेत, मराठीत भरवावेत, आणि त्यांत कागदाऐवजी खोकी, नळ्या व फेस हाताळावयास द्यावा. त्या दिवसाची मजुरी कापू नये, नाहीतर कोणी येणार नाही. चालकांचे वर्ग होतात तेथेच हमालांनाही बसवावे. माल एकच आहे. हे सारे भाद्रपदातच उरकावे, कारण घटस्थापनेस ज्योत घेऊन पोरे धावू लागतील तेव्हा तेरखेड्याची खोकी रस्त्यावर आलेली असतील.