पुतळा आणि शिळा

रांचीच्या जुन्या तुरुंगात ९ जून १९०० रोजी बिरसा मुंडा यांचा मृत्यू झाला. वयाची पंचविशीही त्यांनी ओलांडली नव्हती. त्याच तुरुंगात १५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या नावाचे संग्रहालय खुले झाले; २५ फुटी पुतळाही उभा राहिला. स्थळाची निवड समर्पक आहे, यात शंका नाही. लगतच्या उद्यानातील संगीतमय कारंजे आणि फूड कोर्ट मात्र कोणत्याही शहरातील कोणत्याही उद्यानात खपून जावे असे आहे.

मुंडा समाजाची स्वतःची स्मारकपरंपरा याहून पुष्कळ जुनी आहे. मृतांच्या अस्थी सपाट शिळेखाली ठेवल्या जातात, ती 'ससनदिरी'. ज्या कुळाच्या पूर्वजांच्या शिळा गावात, ते कुळ गावाचे मूळ वसवणारे, असा संकेत आहे. म्हणजे समाधी आणि सातबारा एकाच दगडात! एकोणिसाव्या शतकात जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून मुंडांनी अशा शिळा थेट कलकत्त्याला वाहून नेल्या, असे आजही सांगितले जाते.

राज्यकर्त्यांची अडचण नेमकी इथे होते. पुतळा काही मागत नाही. शिळा जमीन मागते. २०१७-१८ मध्ये खुंटी जिल्ह्यातील गावांनी 'पत्थलगडी' करून पाचवी अनुसूची आणि १९९६ च्या पेसा कायद्यातील तरतुदी दगडांवर कोरल्या. काही ठिकाणी घटनेचा अर्थ सोयीने लावला गेला, बाहेरच्यांना गावबंदीही झाली. प्रशासनाचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. तथापि, त्याला राजद्रोहाच्या कलमांनी उत्तर देणे हा अतिरेकच होता. डिसेंबर २०१९ मध्ये सत्तेवर येताच हेमंत सोरेन सरकारने हे खटले मागे घेण्याचा निर्णय घेतला.

बिरसांच्या उठावानंतर आदिवासींच्या जमिनींना संरक्षण देणारा छोटानागपूर कुळकायदा १९०८ मध्ये आला. २०१६ मध्ये झारखंड सरकारने बिरसांच्या पुतळ्यांवरील बेड्या काढण्याचे ठरवले. त्याच वर्षी त्याच सरकारने या कायद्याची पकड सैल करणारी दुरुस्ती विधानसभेत मंजूर करून घेतली. आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या आणि २०१७ मध्ये तत्कालीन राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते विधेयक परत पाठवले.