सभागृह परतले, क्षेत्रसभा कधी?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तपोवनातील झाडांवर महापालिकेच्या नोटिसा लागल्या. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी सुमारे १,८०० झाडे काढण्याचा प्रस्ताव होता. शेकडो नाशिककरांनी हरकती नोंदविल्या. साधुग्राम व्हावे आणि तपोवनाची वनश्रीही टिकावी, असे म्हणणाऱ्यांना श्रद्धेचे विरोधक ठरविणे अन्यायाचेच होते. परंतु त्यांनी दाद मागायची कोणाकडे? प्रस्ताव प्रशासनाचा, सुनावणी घेणारेही प्रशासनच. महापौरांची खुर्ची मार्च २०२२ पासून रिकामी होती.

मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटना सांगते. तरी इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात जवळजवळ चार वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि १२२ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. हे स्वागतार्हच आहे. मात्र सभागृह परतले म्हणजे लोकांचा आवाज परतला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

महाराष्ट्रातील महापौर शहराचे प्रथम नागरिक असतात. सभेचे अध्यक्षस्थान भूषवितात. कार्यकारी अधिकार मात्र कायद्याने आयुक्तांकडे आहेत, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. मान एकाकडे, अधिकार दुसऱ्याकडे! नाशिकने याचा अनुभव २०१८ मध्ये घेतला. कराचे दर सभागृह ठरविते, पण मिळकतीचे करयोग्य मूल्य आयुक्त ठरवितात. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी हे मूल्य वाढविले आणि शहर पेटून उठले. सत्ताधारी भाजपने आणलेला अविश्वास ठराव मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर मागे घेतला गेला. पुढे नोव्हेंबरमध्ये आयुक्तांची बदली झाली. म्हणजे नाशिकच्या घरपट्टीचा वाद अखेर मुंबईत मिटला. गंमत अशी की, याच आयुक्तांच्या ‘वॉक विथ कमिशनर’ उपक्रमात नागरिक आपली गाऱ्हाणी घेऊन जात होते. ऐकून घेणारे कोणी भेटले की लोक येतात, हाच त्याचा अर्थ.

मग महापौरांना अधिक अधिकार द्यावेत काय? मुंबई आणि नागपूर येथे १९९८ मध्ये ‘मेयर इन कौन्सिल’ पद्धतीचा प्रयोग झाला. तो वर्षभरातच गुंडाळला गेला. अधिकारांची वाटणी हवीच. पण अधिकार एका दालनातून दुसऱ्या दालनात गेल्याने गल्लीतल्या माणसाला काय मिळणार? निर्णयाआधी त्याला विचारले जाणे, हे अधिक महत्त्वाचे.

त्यासाठी नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही. महाराष्ट्राने २००९ मध्येच क्षेत्रसभेची तरतूद केली. प्रभागातील लहान क्षेत्राचे मतदार हेच तिचे सभासद. गावात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. परंतु ती रुजू दिली गेली नाही. कारण प्रश्न विचारणारा मतदार ना अधिकाऱ्याला रुचतो, ना नगरसेवकाला.

नव्या सभागृहाने आपली कसोटी येथेच लावून घ्यावी. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत सहाही विभागांत क्षेत्रसभा भराव्यात. रस्ता, वृक्ष, घरपट्टी यांचे विषय आधी तेथे मांडले जावेत. नागरिकांचेही कर्तव्य आहेच. मत देऊन पाच वर्षे स्वस्थ बसणाऱ्या समाजाला महापौर कितीही समर्थ मिळाला, तरी उपयोग नाही. तपोवनात झाडांसाठी जमलेली माणसे उद्या आपल्या प्रभागाच्या अंदाजपत्रकासाठी जमली, तर गोदाकाठी स्वराज्य खऱ्या अर्थाने अवतरेल.